आईसाठी ओतलेला डबा

११ नोव्हेंबर

दादा,

तुझं पत्र आलं. पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी तू आईला न्यायला येणार, मी तिचं सामान बांधून ठेवायचं आणि त्याआधी मागच्या अंगणातली भट्टी मोडून टाकायची. हुकूम वाचले. सामान बांधणार नाही, भट्टीही मोडणार नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं पत्र तुला शांतपणे वाचता येईल.

फोन का नाही केलास ते मी विचारत नाही. आपली फोनवर दोन वाक्यं धड जातात, तिसऱ्याला कुणीतरी ठेवून देतं. पत्र निदान मध्येच आपटता येत नाही.

तुला हे सगळं शेजारच्या हेडमास्तरांनी कळवलं, हेही मला ठाऊक आहे. निवृत्त झाल्यापासून त्यांना वर्ग उरलेला नाही, म्हणून ते खिडकीत बसून आमची हजेरी घेतात. त्यांच्या पत्रात शुद्धलेखनाची एकही चूक नसेल, बाकी सगळ्या असतील. ‘घरात आग पेटवते’ असं लिहिलंय म्हणे. आग घरात नाही, अंगणात आहे, भिंतीपासून लांब, आणि एका लोखंडी बादलीत आहे. बादलीला आतून भट्टीची माती लिंपली आहे, खालून गॅसचा बर्नर आहे. वर झाकण. त्या बादलीत मूस बसते आणि मुशीत ॲल्युमिनियम वितळतं. फुटक्या कुकरची झाकणं, सायकलचे तुटके ब्रेक, एका इंजिनाचा जुना दट्ट्या. अण्णांच्या फाउंड्रीसमोर हे खेळणं आहे, कबूल. पण ती फाउंड्री तू विकलीस, मला आणि आईला न विचारता विकलीस, तेव्हा भट्ट्यांच्या आकाराबद्दल तू बोलू नयेस.

आता मी काय ओतते ते. हेडमास्तरांनी ते लिहिलं नसणार, कारण त्यांनी विचारलंच नाही. मी डबे ओतते. इलेक्ट्रॉनिक्सचे डबे. माझं दुरुस्तीचं दुकान चालतंय हे तुला माहीत आहे. गिटार वाजवणारी मंडळी आवाज बदलण्यासाठी एक यंत्र पायाखाली दाबतात, त्याचं सर्किट मी बनवते. पायाखालची वस्तू म्हटल्यावर डबा दणकट हवा. बाजारात मिळतात ते पत्र्याचे, दोन कार्यक्रमांत त्यांच्या पोटाला पोचे. म्हणून मी स्वतः ओतायला लागले. लोकांना आवडतात. एक जण म्हणाला, ताई, हा डबा माझ्यानंतरही राहील. तो बराच जाडा आहे, तरी राहील.

पण सध्या भट्टी पेटते ती त्यांच्यासाठी नाही. आईसाठी पेटते. ते पुढच्या पत्रात.

तुझी,
सांडशी

(अजून हेच नाव लावते. अण्णांनी ठेवलेलं. धरलं की सोडत नाही म्हणून.)


१९ नोव्हेंबर

दादा,

तू लिहितोस, आईनं फोनवर ‘हो’ म्हटलं. ‘येतेस का माझ्याकडे’ असं तू विचारलंस आणि ती ‘हो हो’ म्हणाली. एकदा नाही, दोनदा.

दादा, आई सगळ्यालाच ‘हो हो’ म्हणते. काल दूधवाल्यानं विचारलं, दोन दिवस येऊ नको का, ती हो म्हणाली. आज आम्ही बिनदुधाचा चहा प्यायलो. तिला ऐकू येत नाही, आणि येत नाही हे दाखवायची तिला लाज वाटते. समोरच्याचे ओठ हलायचे थांबले की ती मान डोलावते आणि हसते. इतकं गोड हसते की माणूस समाधानानं निघून जातो. फोनवर तर ओठही दिसत नाहीत. तुझ्या प्रश्नाला ती हो म्हणाली नाही, तुझ्या गप्प होण्याला म्हणाली.

कानाचं यंत्र आणून दिलं होतं, तू पाठवलेलंच. ते कानात शिट्टी वाजवतं, म्हणून ती काढून ठेवते, आणि ठेवलेलं सापडत नाही. शेवटचं कपड्यांच्या बादलीत सापडलं. कानात काही खुपसलेलं तिला आवडत नाही, लहानपणी आपल्याला नाकात थेंब आवडायचे नाहीत तसं.

म्हणून मी तिला वेगळं करून देतेय. हातात धरायचा डबा, त्याला पुढे माइक, आत आवाज वाढवणारं सर्किट, वर एक मोठं बटण, तिच्या बोटांना फिरवता येईल इतकं मोठं. आणि डोक्याला लावायचा हेडफोन, मऊ गादीचा. सर्किट तयार आहे. आधी प्लास्टिकच्या डब्यात बसवून तिला लावलं. ती म्हणाली, ‘‘कानात भुंगा सोडलायस का?’’ घरभर विजेच्या तारा असतात, त्यांची भुणभुण प्लास्टिकमधून आत शिरते आणि माणसाच्या आवाजाइतकीच मोठी होते. वर तो डबा तिच्या हातून पहिल्याच दिवशी पडला आणि कोपरा फुटला. धातूचा डबा या दोन्हींवर उपाय. भुणभुण बाहेरच्या बाहेर थांबते, आणि पडला तर फरशी फुटेल.

तेव्हा माझं म्हणणं सरळ आहे. तू रविवारी ये. मी अडवणार नाही, दारात उभी राहून तमाशा करणार नाही. तोवर डबा तयार असेल. तो तिच्या हातात दे, हेडफोन लाव, आणि विचार, माझ्याकडे येतेस का. ती जे म्हणेल ते मला मान्य. पण ऐकून म्हणायला हवं. मान डोलावलेली मी धरणार नाही.

ओळी वाकड्या गेल्यात त्याकडे दुर्लक्ष कर. कागद सरकतोय. त्यावर वजन ठेवायला काही सापडत नाही.

सांडशी


२६ नोव्हेंबर

दादा,

बरं, हेडमास्तर माझ्यापेक्षा वेगानं लिहितात. हो, भाजला. डावा हात, मनगटापाशी, हातमोजा संपतो आणि बाही सुरू होते तिथे मधल्या पट्टीवर. म्हणून कागद सरकत होता. डॉक्टरांनी पट्टी बांधली आहे, बोटं हलतात, सोल्डरिंग जमतं. तू लिहितोस, ‘उद्या आईच्या अंगावर उडालं असतं तर.’ मी ओतताना आई स्वयंपाकघराच्या दारात बसते, जाळीच्या आत. मी ती जागा आधी आखली आणि मग भट्टी बांधली. अण्णांच्या पायावर वितळलेलं बीड सांडलं होतं, तू तेव्हा कॉलेजात होतास. महिनाभर खाटेवर होते आणि खाटेवरून सगळ्या फाउंड्रीला शिव्या देत होते. त्यांना कुणी ‘सामान बांध’ म्हटलं नाही.

आता खरं काय झालं ते ऐक. दुसऱ्या कुणाला सांगून उपयोग नाही, ही चूक फक्त आपल्या घरातल्यांना कळेल.

पहिला डबा छान निघाला. कडा स्वच्छ, अंगावर एक खड्डा नाही. मी खुशीत सर्किटची पाटी आत ठेवायला गेले, तर ती बसेना. केसभर मोठी. मी पाटी मोजली, बरोबर. वाळूत ठसा उमटवायचा लाकडी नमुना मोजला, बरोबर. पुन्हा मोजला. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला आणि मी पायरीवर बसून एकटीच हसले. नमुना मी अण्णांच्या पितळी पट्टीनं आखला होता. ती आठवते का तुला? जिच्यानं आपण वह्यांना समास आखायचो आणि अण्णा हातातून हिसकावून घ्यायचे, कारण त्या पट्टीचा सेंटिमीटर खरा नसतो, किंचित लांब असतो. धातू थंड होताना आकसतो, तेवढं आधीच वाढवून धरायचं, त्यासाठी केलेली पट्टी. मला वाटलं, काय हुशार मी, अण्णांचीच पट्टी वापरतेय. पण अण्णा आयुष्यभर बीड ओतत होते. ती पट्टी बिडाची. ॲल्युमिनियम बिडापेक्षा जास्त आकसतं. म्हणजे वडिलांची पट्टी वडिलांच्याच धातूला लागू. मी नवीन पट्टी कागदावर आखून घेतली आणि नमुना पुन्हा बनवला.

यात वेळ गेला, आणि दुसऱ्या डब्याच्या वेळी मी घाई केली. तुझा रविवार डोक्यावर होता ना. वाळू भिजवली, साचा भरला. आई दारात बसली होती. तिनं खुणेनं वाळू मागितली. मूठभर दिली. तिनं ती दाबली, गोळा मधोमध मोडला, तळवा पाहिला आणि म्हणाली, ‘‘ओली आहे. आज ओतू नकोस.’’ मी म्हटलं, चालेल. तिला ते ऐकू गेलं नाही, पण मी ऐकलं नाही हे तिला बरोबर कळलं. धातू आत गेला, वाफ झाली, आणि एक थेंब वाट शोधत माझ्या मनगटावर आला. बाकी सगळा जमिनीवर.

आईला वाळूचं कसं कळतं म्हणून तू विचारशील. अण्णांच्या फाउंड्रीला लागणारे सगळे कोअर, साच्यात पोकळीसाठी बसवायचे वाळूचे ठोकळे, कोण करायचं? मागच्या खोलीत, तेलात मळलेली वाळू, पत्र्याच्या ओव्हनमध्ये भाजून. आई करायची. बिडाच्या प्रत्येक पाइपात जी पोकळी असायची ती आईच्या हातची. आणि तरी ओतताना तिला आत पाऊल टाकायची बंदी. बाई समोर आली की माल फुटका निघतो, असं अण्णा म्हणायचे, आणि तू शेजारी उभा राहून मान हलवायचास. कोअर हातगाडीवर जायचे, आई दारातून परत फिरायची. मलाही तिथूनच हाकललं, म्हणून मी तारा आणि रेडिओंकडे वळले.

तर माझा दुसरा डबा फुटका निघाला, आणि दोन बायका हजर होत्या. हेडमास्तरांना कळव, त्यांना पत्रात घालायला बरं पडेल. कारण मात्र ओली वाळू.

ये रविवारी.

सांडशी


१ डिसेंबर

दादा,

तिसरा डबा झाला. वाळू आईनं केली. खुर्चीवर बसून, परातीत, हातानं. दाबायची, मोडायची, तळवा बघायची, पुन्हा कोरडी वाळू मिसळायची. माझी मूस लाल झाली तरी तिचं चाललेलंच. मी म्हटलं, आटप, तर तिनं पाहिलंसुद्धा नाही. शेवटी तळवा माझ्यासमोर धरला, कोरडा, आणि म्हणाली, ‘‘आता.’’

मी ओतलं. फाउंड्रीत ओतताना कुणी बोलायचं नाही असा नियम होता, तो आम्ही पाळला. तो नियम चांगला होता.

डबा काढला, कानशीनं कडा घासल्या, भोकं पाडली. पाटी आत बसली, अशी की हलवून पाहिली तरी आवाज नाही. झाकणाला स्क्रू आहेत. भुणभुण गेली. पूर्ण गेली. मी हेडफोन लावून घरात फिरले, तर घड्याळ ऐकू आलं, पलीकडे हेडमास्तर पान उलटत होते तेही.

आईला अजून लावलेला नाही. तुझ्यासमोरच लावणार. नाहीतर म्हणशील, हिनं आधीच पढवून ठेवलं.

तू तुझ्या पत्रात लिहिलंस, ‘तिची काळजी घ्यायला इथे माणसं आहेत, तू तिथे एकटी आहेस.’ एकटी आहे, खरंय. पण एकटी असणं हा गुन्हा असेल तर पोलिसांना घेऊन ये.

सांडशी


१३ डिसेंबर

दादा,

तू तिथे हजर होतास, तरी मी सगळं लिहून पाठवते. कारण मला तू माहीत आहेस. चार लोकांत बसशील आणि सांगशील, ‘अखेर आईला घेऊन आलो, तिकडे हाल चालले होते.’ तसं झालेलं नाही. काय झालं ते हे.

तू जेवणानंतर आईसमोर खुर्ची ओढून बसलास. मी तिच्या डोक्याला हेडफोन लावला, डबा मांडीवर ठेवला, बटण थोडं फिरवलं. तिनं डोळे मोठे केले. मग तिनं टेबलावर नखानं टकटक केली, स्वतःच ऐकली, आणि पुन्हा केली. मला त्या क्षणी इतका आनंद झाला की तुझं येणंसुद्धा मी माफ केलं होतं.

तू म्हणालास, ‘‘आई, मी बोलतोय. ऐकू येतंय का?’’ ती म्हणाली, ‘‘ओरडू नकोस, येतंय.’’ मग तुझ्याकडे निरखून बघत म्हणाली, ‘‘तुझा आवाज असा कधी झाला?’’ तू म्हणालास, सर्दी. तिनं विचारलं, ‘‘सूनबाई का नाही आली?’’ तू म्हणालास, तिला काम आहे, तिनं नमस्कार सांगितलाय.

इथवर ठीक होतं. मग तू माझ्याकडे वळलास, मान खाली घातलीस आणि पुटपुटलास. इतक्या हळू की मलाही जेमतेम कळलं. ‘‘आईला सांगू नकोस. तुझी वहिनी घर सोडून गेली. वर्ष झालं, बहिणीकडे राहते. घरी कुणी नाही.’’ तुला वाटलं, आईला काय कळणार. चाळीस वर्षं आपण तिच्यासमोर असंच बोलत आलोय, आधी आपण लहान म्हणून, मग ती बहिरी म्हणून.

पण डबा तिच्या मांडीवर होता, माइक तुझ्या बाजूला होता आणि मध्ये कसलीही भुणभुण नव्हती.

आईनं हेडफोन काढला नाही. तिनं विचारलं, ‘‘वर्षभर स्वयंपाक कोण करतं?’’ तू पांढरा पडलास. ‘‘वर्षभर तू बोलतोस कुणाशी?’’ पुरुषासारखा पुरुष, कपाळावर हात ठेवून बसलास. तेव्हा ती उठली, डबा छातीशी धरून, आणि मला म्हणाली, ‘‘माझी मोठी पिशवी कुठाय ती काढ.’’

मी म्हटलं, ‘‘आई, तो तुला इथे धोका आहे म्हणून न्यायला आलाय.’’ ती म्हणाली, ‘‘इथे कसला धोका? इथे तू आहेस. मला तिकडे जायचंय ते यानं बोलावलं म्हणून नव्हे.’’ मग तुझ्याकडे वळून म्हणाली, ‘‘आणि हिच्या भट्टीला तू हात लावायचा नाहीस. पुन्हा त्या मास्तरांची पत्रं वाचलीस तर मी तिथूनच परत येईन.’’

हे तिचे शब्द. एकही माझा नाही. मी म्हटलं होतं, ती ऐकून जे सांगेल ते मान्य. तिनं ऐकलं आणि सांगितलं. ते मला मान्य आहे, आणि मान्य करताना माझं काय झालं ते मी तुला सांगणार नाही. बरं, सांगते. तुमची गाडी वळली आणि मी भट्टीपाशी जाऊन रडले. मोठ्यानं. हेडमास्तरांनी खिडकी उघडली, मी त्यांना म्हटलं, लिहा, हेही लिहा. त्यांनी खिडकी बंद केली. थोड्या वेळानं चहाचा कप कठड्यावर ठेवून गेले. तो मी प्यायले, पण म्हणून मी त्यांना माफ केलेलं नाही.

मला एक कळून चुकलंय, आणि ते मी तुझ्यापासून लपवत नाही. डबा प्लास्टिकचाच राहिला असता तर तुझं ते पुटपुटणं भुणभुणीत बुडालं असतं. आई ‘नाही’ म्हणाली असती, कारण तिला इथे बरं वाटतं, आणि आज ती समोर खुर्चीत बसली असती. चांगला डबा केला म्हणून ती गेली. तरी मी पुन्हा करायचा झाला तर असाच करीन, याच धातूचा, इतक्याच जाड भिंतींचा. आई बहिरी राहिली म्हणून माझ्याजवळ राहिली, असं घर मला नको होतं.

आता कामाचं. बॅटरी मागच्या झाकणात आहे, दोन स्क्रू. आवाज चिरका आला तर आधी बॅटरी बदल, सर्किटला हात लावू नकोस. बंद पडला तर डबा पार्सलनं माझ्याकडे, दुसऱ्या कुणाकडे नाही. ती तो उशाशी घेऊन झोपेल, झोपू दे. तिच्याशी बोलताना समोर बस. तिच्यादेखत कुजबुजू नकोस, ते तुला कळलंच आहे. वहिनींना एकदा फोन कर. काय बोलायचं ते सुचत नसेल तर आईला विचार.

मी ठीक आहे. मनगटाची पट्टी निघाली, डाग राहील. घर मोठं वाटतं, ते वाटणारच. भट्टी चालू आहे. दुकानात एक बाई आल्या होत्या, त्यांच्या वडिलांनाही ऐकू येत नाही. त्यांनी आईच्या डब्याबद्दल कुठूनतरी ऐकलं. वाळू आता मलाच करावी लागते. पहिली ओली झाली, टाकून दिली. दुसरी दाबली, मोडली, तळवा पाहिला.

आणि दादा, लोकांना सांगताना नीट सांग. तू आईला नेलं नाहीस. आई गेली. यात फरक आहे, आणि तो तुला लवकरच समजेल. कारण तुझं घर सावरलं, तुझा आवाज जागेवर आला, की एक दिवस ती हेडफोन लावून तुझ्यासमोर बसेल आणि म्हणेल, आता मला घरी सोड. तिला आता सगळं ऐकू येतं. तेव्हा तू ऐकू न आल्यासारखं करू नकोस.

सांडशी